भेकरांसाठी पेरलेली चवळी

किशोरी शिरोड्याची. तिचे वडील मिठागरात कामाला होते. त्यांच्या घराचं मागचं दार उघडलं की नजर थेट खाडीपर्यंत जायची, मध्ये आडवं येणारं काही नाही. कोण येतंय ते ओळखू येण्याआधीच तो माणूस दिसायचा. लग्न होऊन ती आंबोली घाटाच्या पायथ्याला, आमच्या वाडीत आली, तेव्हा तिला पहिली धास्ती बसली ती याची, की इथे लांबून काहीच दिसत नाही. पायवाट वळते, पुढे झाडं. झाडांपलीकडे काय आहे ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात डोंगरातून भुंकण्याचा आवाज आला, तेव्हा तिने नवऱ्याला विचारलं की कुणाचा कुत्रा एवढा ओरडतोय. सत्यवान हसला. कुत्रा नव्हे, भेकर आहे, म्हणाला. लहानसं हरीण असतं, आणि वाघ दिसला की असं भुंकतं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. ते वाघाचं त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं किशोरी पुढे अनेकदा म्हणाली. त्यानंतर भेकर भुंकलं की ती दाराची कडी पुन्हा एकदा तपासायची.

सत्यवान म्हापशाला एका शाळेची बस चालवतो. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. बाकीचा आठवडा घरात किशोरी आणि तिची सासू रुक्मिणी. रुक्मिणीचे गुडघे गेलेले, त्यामुळे गुरं, शेत, लाकूडफाटा सगळं किशोरीवर. ती डोंगराकडे निघाली की वाडीला कळायचं. कमरेला मोबाईल खोचून त्यावर मोठ्याने गाणी लावायची, वर हातातल्या काठीने वाटेवरचे दगड ठोकत जायची. पोरं तिच्या चालण्याची नक्कल करायची. ती कुणावर रागावली नाही. भीती वाटते हे तिने कधी लपवलंही नाही.

मग वरच्या डोंगराची झाडी तोडून तिथे रबराची लागवड झाली. रबराखाली गवत उगवत नाही. भेकरं आणि सांबरं खाली उतरू लागली, आणि भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरलेला कुळीथ एकेका रात्रीत साफ व्हायला लागला. वाडीतल्या काहींनी शेताभोवती तार ओढून तिच्यात वीज सोडली. सत्यवाननेही एका शनिवारी तारेचं भेंडोळं आणलं. नवऱ्याला सहसा नाही न म्हणणारी किशोरी तेव्हा मात्र अडून बसली. पलीकडच्या गावात गवत कापायला गेलेली बाई अशाच तारेला चिकटून गेली होती. सकाळी शेतात सगळ्यात आधी मी जाते, ती म्हणाली, कुणी विसरून वीज चालू ठेवली तर हरणाच्या आधी मीच मरेन. सत्यवानने भेंडोळं माळ्यावर टाकलं आणि मग तूच काय ते कर, म्हणून तो गेला.

तिने काय केलं, तर आधी नीट बघितलं. त्यांच्या शेताचे कुणगे, म्हणजे बांध घातलेले लहान तुकडे, डोंगराला पायऱ्यांसारखे लागून आहेत. सगळ्यात वरचे दोन पडीक होते. तिथे कधीतरी सांडलेली चवळी आपोआप उगवली होती, आणि पाला खुडलेला होता तो आधी तिथे, मग खाली. हरणं वर थांबतात, तिथलं संपलं की उतरतात. तिथेच पोट भरलं तर खालच्या कुळथाकडे ती कशाला येतील, एवढाच तिचा हिशेब.

सत्यवान म्हणाला, आता हरणांना जेवायला वाढणार का. पण याला खर्च काहीच नव्हता, म्हणून त्याने फाटे फोडले नाहीत. किशोरीने डब्यातली किडलेली चवळी आणि कुळीथ चाळून घेतले. त्यातलं किती उगवतं ते बघायला मूठभर ओल्या फडक्यात बांधून ठेवले. अर्ध्याला मोड आले. तेवढं पुरे होतं, दुप्पट दाट पेरायचं. बांद्याच्या बाजारात कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्याकडे गोणीच्या तळाला उरलेला मका मिळाला. शेजाऱ्यांनी रताळी काढून फेकून दिलेल्या वेली तिने उचलून आणल्या आणि तुकडे करून लावल्या. नांगर धरायला माणूस नको, कुदळीने जमीन नुसती खरवडायची. पाण्यासाठी जुन्या पोफळीच्या खोडाच्या पन्हळी करून व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी वळवलं. कोंब लहान असेपर्यंत दोन्ही कुणग्यांना काटेरी फांद्यांचं कुंपण, नंतर एक उघडायचा आणि दुसरा बंद ठेवायचा, म्हणजे खाल्लेल्याला पुन्हा फुटायला वेळ मिळतो. माहेरी गेली तेव्हा वडिलांकडून मिठागराच्या तळाचं मातकट मीठ एक पिशवीभर आणलं आणि एका कोपऱ्यात मातीत मिसळलं. गुरांसारखी हरणंही मीठ चाटतात, हे तिला रुक्मिणीने सांगितलं होतं.

हे सगळं ऊन डोक्यावर असताना, गाणी मोठ्याने लावून, दर थोड्या वेळाने मागे वळून बघत तिने केलं. हात कुदळीवर आणि कान झाडीकडे.

आणि हरणं आली. घराच्या मागच्या दारातून वरच्या कुणग्याची कड दिसते. संध्याकाळी उजेड असेपर्यंत किशोरी उंबऱ्यावर बसून बघायची. भेकर एक घास घ्यायचं, मान वर करायचं, कान फिरवायचं, मग दुसरा घास. खाताना सुद्धा त्याचे पाय पळायच्या तयारीत. रुक्मिणी एकदा तिच्या मागे येऊन उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुज्यापेक्षा भित्रा कोणतरी गावला गो तुका." किशोरीला हसू आलं. त्या वर्षी खालचा कुळीथ बराचसा वाचला. पुढल्या वर्षी तिने पुन्हा पेरलं.

त्या दुसऱ्या वर्षी थंडीत, एका सकाळी कुंपणाच्या वाटेवर तिच्या पायाला काहीतरी लागलं. बघते तर तार. मोटरसायकलच्या क्लचची, बारीक आणि चिवट, तिचा फास करून काजूच्या बुंध्याला बांधलेला. आमच्याकडे याला फासकी म्हणतात. जनावर त्यातून मान घालतं, पुढे जायला बघतं आणि तार आवळत जाते. तिने ती सोडवली, पदराखाली धरून घरी आणली आणि शेणाच्या खड्ड्यात पुरली. कुणाला सांगितलं नाही. काही दिवसांनी तिथेच दुसरी दिसली. तीही तिने आणली.

मग धनेश आला. धनेश म्हणजे सत्यवानचा चुलत भाऊ, खालच्या घरात राहतो. त्याच्या घरून कधी कधी मटणाचा वास यायचा आणि ते कसलं मटण ते विचारायचं नाही, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. तो पडवीत बसला, पाणी प्यायला, काकीच्या गुडघ्यांची चौकशी केली. रुक्मिणी आत गेल्यावर त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"वैनी, वरती माजी एक वस्तू हरावली. दोन वेळा. तुका गावली काय?"

किशोरीने मान हलवली, हो की नाही ते तिलाही कळलं नाही.

"नाय गावली तर नाय," तो म्हणाला. "पण एक सांगतंय. चवळी कोणी पेरल्यान? मीठ कोणी घातल्यान? उद्या फॉरेस्टवाले इले तर ते काय म्हणतले? हरणां धरूक चारो लायलो, असाच म्हणतले. जमीन तुमची, चारो तुमचो. माजा नाव खंयच नाय."

तो हसतच उठला, वाटेत गुराच्या पाठीवर थाप मारून गेला. किशोरी तिथेच बसून राहिली. आतून रुक्मिणीने काय म्हणत होता म्हणून विचारलं. काही नाही, म्हणाली.

त्या दिवसापासून तिची भीती बदलली. आधी ती झाडीची होती, दारापाशी आल्यावर ती मागे राहायची. आता ती घरात शिरली.  जीप वाजली की फॉरेस्टवाले आले समजून ती हातातलं काम टाकायची. सत्यवानला सांगावं तर तो धनेशशी भांडेल, मग हाणामारी होईल. किंवा भांडणारच नाही, भाऊ म्हणून धनेशची बाजू घेईल, आणि ते तिला जास्त जड गेलं असतं. तिच्या मोबाईलमध्ये एका वनरक्षक बाईंचा नंबर होता. आकांक्षा नाव, वयाने लहान, वणव्याबद्दल सांगायला वाडीत आली होती तेव्हा सगळ्या बायकांना नंबर देऊन गेली होती. किशोरी तो नंबर काढायची, बघायची आणि फोन उलटा ठेवायची. मीठ मी घातलं, हे आधी सांगावं लागलं असतं.

शेवटी तिने ठरवलं, सगळं कापून टाकायचं. चवळी नको, हरणं नकोत, धनेशच्या तोंडी आपलं नाव नको. एका सकाळी, गुरांचं आवरून, कोयता घेऊन ती वर निघाली. त्या दिवशी गाणी लावायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. अर्ध्या वाटेवर भेकराचं भुंकणं ऐकू आलं. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. दिवसाउजेडी असं भुंकणं तिने ऐकलं नव्हतं. ती परत फिरणार होती. तेवढ्यात वरून कुणीतरी दबक्या आवाजात तिला हाक मारली.

"वैनी, थयच रव. फुडे येव नको."

आवाज झाडावरून आला. कुणग्याच्या कडेला आंब्याचं झाड होतं, त्याच्या फांदीला मिठी मारून धनेश बसला होता. त्याच्या पायातून रक्त ठिबकत होतं, पँट गुडघ्यापासून फाटलेली. त्याने हनुवटीने खाली काजूकडे खूण केली. किशोरीला आधी फक्त हलणारा पाला दिसला. मग त्या पाल्यात पिवळे डोळे दिसले.

बिबट्याच्या कमरेला फासकी बसली होती. तो पुढे झेपावायचा, तार त्याला मागे खेचायची आणि तो जमिनीवर आपटायचा. आजूबाजूची चवळी सगळी उपटलेली. तिला बघताच तो आवाज न करता दबला आणि तिच्याकडे बघत राहिला. पळायचं हे कळत असूनही ती जागची हलली नाही. जबडा वाजायला लागला, तो तिने हाताने धरला.

धनेश वरून बोलत होता. डुक्कर अडकलंय समजून तो पहाटे जवळ गेला होता, वाघाने पाय फाडला, कसाबसा वर चढला. मोबाईल खाली पडला. किशोरीने खाली जाऊन त्याच्या मेव्हण्याला बोलवायचं, त्याच्याकडे बंदूक आहे. वाघ मारायचा, पुरायचा, विषय संपला.

"फॉरेस्टाक कळवू नको," तो म्हणाला. "कळवलंस तर मी एकटो आत जावचंय नाय. तुका घेवन जातलंय."

ती पाठ न वळवता मागे मागे सरकली. वळण आल्यावर धावली. पडली, उठली, कोयता कुठे पडला ते कळलं नाही. घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन ती खाली बसली आणि रुक्मिणीला सगळं सांगितलं, फासकीपासून मिठापर्यंत, एका दमात, मध्ये मध्ये रडत. रुक्मिणीने सगळं ऐकून घेतलं. धनेशला तिने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.  मग म्हणाली, "बंदूक वर गेली तर एक मरतला, नायतर दोन. तुका काय करूचा हा ता कर."

किशोरीने नंबर लावला. पलीकडून हॅलो आलं तेव्हा तिने आधी तेच सांगितलं, जे सांगायची तिला सगळ्यात जास्त भीती होती. सरकारी माणसाशी बोलायची भाषा तिच्या तोंडी आपोआप आली.

"मॅडम, वरच्या शेतात हरणांसाठी चवळी मी लावली आहे. मीठ पण मीच घातलंय. फासकी मी लावलेली नाही. तिच्यात बिबट्या अडकलाय आणि झाडावर माणूस आहे."

आकांक्षाने तिला चवळीचं काही विचारलं नाही. तार कुठे बसली आहे, मानेला की कमरेला, ते विचारलं. माणूस किती उंचावर आहे ते विचारलं. भूल देणारी टीम सावंतवाडीहून यायला वेळ लागेल, म्हणाली. तोपर्यंत एकच करायचं, वर कुणालाही जाऊ द्यायचं नाही. गर्दी झाली की बिबट्या जोर करतो, तार तुटते, मग तो समोर येईल त्याच्यावर जातो. आणि झाडावरच्या माणसाला बोलतं ठेवायचं, रक्त गेलेलं आहे, चक्कर येऊन तो खाली पडता कामा नये.

म्हणजे पुन्हा वर जायचं होतं.

बातमी तोपर्यंत वाडीत फुटली होती. माणसं मोबाईल उंच धरून वर निघाली होती. रुक्मिणीने पडवीतली खुर्ची ओढत वाटेच्या तोंडाशी नेली, गुडघे सांभाळत बसली आणि वाट अडवली. म्हातारीला ओलांडून जायला कुणाला धीर झाला नाही. धनेशचा मेव्हणा बंदूक घेऊन आला नाही. फॉरेस्टला कळवलंय हे ऐकून तो त्या दिवशी वाडीत दिसलाच नाही.

किशोरी वळणापर्यंत गेली. तिथून आंबा दिसत होता आणि काजूही. ती बांधाच्या आड बसली. नुसतं तोंड वर काढून तिने धनेशला हाक मारली.  फॉरेस्टवाले येत आहेत, तिने सांगितलं. धनेशने तिला शिवी दिली. तिने पुन्हा हाक मारली. त्याने उत्तर दिलं नाही तर तिला जास्त भीती वाटायची, म्हणून ती विचारत राहिली. पाय दुखतो का. फांदी घट्ट धरली आहे का. पंचा आहे का कमरेला, त्याने पाय आवळून बांध. ती बोलली की बिबट्याचे कान तिच्याकडे वळायचे. तो झेपावला की तार ताणल्याचा किर्र आवाज यायचा आणि ती बांधाआड डोकं खाली घ्यायची. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता तुटली.

काही वेळाने धनेशचा आवाज बारीक झाला. शिव्या थांबल्या. "वैनी, माका अंधारी येता," तो म्हणाला. "आसस मा तू थय?"

"आसंय," ती म्हणाली. "पंच्यान हात फांदयेक बांधून घे. मी हयच आसंय."

टीम आली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. आकांक्षाने तिला खांद्याला धरून मागे नेलं. किशोरीने पुढचं काही बघितलं नाही, डोळे मिटून फक्त ऐकलं. बंदुकीसारखा पण दबका एक आवाज, मग बराच वेळ शांतता, मग माणसांची कुजबुज. तार कापली तेव्हा ती अर्ध्याहून जास्त तुटलेली होती, असं नंतर कळलं. बिबट्याला पिंजऱ्यातून नेलं. धनेशला झोळीतून खाली आणलं. त्याच्या पायाला बरेच टाके पडले आणि दवाखान्यातून त्याला थेट कोर्टात उभं केलं.

किशोरीचा जबाब झाला. स्वतःच्या जमिनीत चवळी पेरली म्हणून कुणी तिला धरणार नाही, आकांक्षा म्हणाली, पण ते मीठ उकरून काढा, मिठाच्या जागेवर जनावर रोज येतं आणि फासकी लावणाऱ्याला ते बरं पडतं. किशोरीने दुसऱ्याच दिवशी, दोन बायका सोबत घेऊन, तिथली माती खणून व्हाळात टाकली.

शनिवारी सत्यवान आला. भावाला आत घातलंस, म्हणाला, आणि त्या रात्री तिच्याशी बोलला नाही. खालच्या घराने त्यांच्याकडे येणं-जाणं बंद केलं. एका सकाळी पाण्याच्या पन्हळी कुणीतरी कोयत्याने तोडलेल्या दिसल्या. आधी जीप वाजली की ती हातातलं काम टाकायची, आता खालच्या घराची मोटरसायकल वाजली तरी टाकू लागली. वाडीतल्या पोरांनी मात्र तिच्या चालण्याची नक्कल करणं सोडलं. कुणी तिला धीट म्हणालं की ती चिडायची. मला आता आधीपेक्षा जास्त भीती वाटते, असं ती स्पष्ट सांगायची, आणि ते खरंच होतं.

पाऊस संपला, भात कापून झालं. धनेश जामिनावर सुटून आला होता, एक पाय ओढत चालायचा. किशोरीने पुन्हा चवळीला मोड आणून बघितले. या वेळी सत्यवानने एका रविवारी कुदळ घेऊन तिच्या बरोबर जमीन खरवडली.

चवळीला पानं फुटली त्या सुमारास किशोरी खळं सारवत होती. वाटेने धनेश आला आणि गडग्यापाशी, खळ्याच्या दगडी कुंपणाशी, थांबला. घटनेनंतर तो पहिल्यांदाच थांबत होता. रुक्मिणी आत झोपली होती. किशोरीचे शेणाने भरलेले हात तसेच राहिले.

"औंदा खंय पेरलंस?" त्याने विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. नुसतं विचारतोय की आणखी काही आहे, ते तिला ठरवता येईना.  खोटं सांगावं असंही मनात आलं.

"परड्यामागच्या कुणग्यात," ती म्हणाली. "घराच्या दारातसून सगळा दिसता. मी रोज बघतंय, भावजी."

 धनेश पाय ओढत खालच्या घराकडे गेला. तो वळणाआड जाईपर्यंत किशोरी बघत होती. मग तिने हात धुतले, मागच्या दारात जाऊन चवळीवर नजर टाकली, आणि राहिलेलं खळं सारवायला घेतलं.